कर्करोगोपचारातील वेगवर्धक यंत्राची वीज

कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरणांचा मारा करणारे रेखीय वेगवर्धक यंत्र आता महानगरांबाहेरही पोचले आहे. मुंबईच्या 'समीर' या केंद्र शासनाच्या संस्थेने बनविलेले असे यंत्र वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसविण्यात आले. अशा यंत्रासाठी जाड भिंतींच्या खोलीचा विचार आधी होतो. विजेच्या प्रश्नाकडेही तितकेच लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

या यंत्रात इलेक्ट्रॉनांना वेग देण्याचे काम सूक्ष्मतरंग करतात. अनेक यंत्रांत ते मॅग्नेट्रॉन या नळीत निर्माण होतात. रँडल व बूट यांनी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात सिद्ध केलेल्या, पुढे रडारमध्ये वापरल्या गेलेल्या नळीचीच ही वंशज होय. तिला सुमारे ५० हजार व्होल्ट दाबाने १०० अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे शक्ती ५ हजार किलोवॅट! ती अखंड दिली तर नळी तत्काळ जळेल. म्हणून ती स्पंदांच्या रूपाने देतात. एक स्पंद ४ मायक्रोसेकंदांचा आणि असे स्पंद सेकंदाला २५० धरले, तर सेकंदाच्या केवळ हजाराव्या भागात नळी कार्यरत असते. सरासरी शक्ती भरते ५ किलोवॅट, पिठाच्या गिरणीच्या मोटारीएवढी. एका स्पंदातील ऊर्जा तर अवघी २० ज्यूल. दोन किलो धान्य एक मीटर उचलण्यास तेवढीच लागते.

विहिरीस पाणी बेताचे असले की शेतकरी ते हौदात साठवून एकदम पाटाला सोडतो. यंत्रातील मॉड्युलेटर हेच करतो. दोन स्पंदांमधील अवकाशात धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, भरली जातात. थायरेट्रॉन ही वायुभारित नळी स्विचप्रमाणे उघडते आणि साठलेला भार स्पंद-रोहित्रातून दाब वाढवीत मॅग्नेट्रॉनकडे धाव घेतो. नव्या यंत्रांत थायरेट्रॉनऐवजी अर्धसंवाहक स्विचही वापरतात.

खरी कसोटी स्पंदाच्या माथ्याची आहे. एकच धारित्र रिते होऊ लागले तर दाब आरंभापासूनच घसरत जातो. यास्तव अनेक धारित्रे व वेटोळी यांची साखळी करून माथा सपाट राखतात. दाब हलला की मॅग्नेट्रॉनची कंप्रता सरकते. वेगवर्धक नलिका मात्र ३,००० मेगाहर्ट्झच्या आसपासचा अगदी अरुंद पट्टाच स्वीकारते. मग इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटते, किरण शरीरात अपेक्षेइतके खोल पोचत नाहीत आणि संरक्षक मंडल यंत्र थांबविते.

वीज क्षणभर गेली तरी अडचण तेवढ्यावर भागत नाही. थायरेट्रॉन व मॅग्नेट्रॉन यांचे तापतंतू पूर्ण तापेपर्यंत उच्च दाब देता येत नाही, आणि तोवर रुग्ण खोळंबतो. स्थिर दाब, अखंडित पुरवठा, उत्तम भूसंपर्कन व थंड पाण्याचे अभिसरण यांची तरतूद यंत्रखरेदीच्या अंदाजपत्रकातच असणे म्हणूनच इष्ट. नळीला दिलेल्या शक्तीचा बराच भाग उष्णतेत जातो, हेही येथे ध्यानी घ्यावे.

वीज बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार उरू शकतो. त्यामुळे दार उघडताच पुरवठा तोडणारी कळ असली, तरी तंत्रज्ञ भूसंपर्कित दांडीने धारित्रे रिती केल्याखेरीज आत हात घालीत नाही.