इंटरनेटविना घरात वायफाय

पुष्कळ व्यापारी बांधवांचा असा समज आहे की, ब्रॉडबँड घेतल्याशिवाय घरात वायफाय चालत नाही. हा समज चुकीचा आहे. वायफाय ही घरातल्या यंत्रांना आपसात जोडणारी बिनतारी वाट आहे, तर इंटरनेट हा घराबाहेर जाणारा रस्ता आहे. बाहेरचा रस्ता नसला तरी आतली वाट चालू राहते.

आमचा हिशेबाचा संगणक वरच्या मजल्यावर आणि ताग्यांचा साठा खाली. माल दिला की चिठ्ठी वर जायची. ती हरवली की उधारी बुडायची. म्हणून आम्ही एक साधा राउटर घेतला. अशी जोडणी कोणालाही करता येते.

१) राउटर जिन्याजवळ, उंचावर ठेवावा. ‘वॅन’ लिहिलेली जागा रिकामी सोडावी. संगणकाची तार ‘लॅन’मध्ये लावावी.

२) राउटरच्या खाली छापलेला पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. तेथे कंपनीने दिलेला पासवर्ड प्रथम बदलावा. मग वायफायला नाव व डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ प्रकारचा पासवर्ड द्यावा.

३) संगणकाचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा, नाहीतर तो बदलतो आणि फोनला संगणक सापडत नाही. मग फक्त साठ्याच्या वहीचे फोल्डर सर्वांसाठी खुले करावे.

४) ‘इंटरनेट नाही’ असे सांगून फोन जोडणी सोडू पाहतो. तेव्हा जोडलेले राहण्याचा पर्याय निवडावा.

भिंती जाड असतील तर २.४ गिगाहर्ट्झची लहर वापरावी. ती ५ गिगाहर्ट्झपेक्षा संथ, पण भिंतीपलीकडे अधिक पोहोचते. यासाठी आपल्या देशात २००५ पासून वेगळा परवाना लागत नाही. यूपीआय व जीएसटी विवरणासाठी मात्र सहसा इंटरनेट लागते. ते मोबाईलवरून घ्यावे.

बाहेरचा रस्ता बंद म्हणून गाफील राहू नये. पासवर्ड सोपा असला तर शेजारच्या खोलीत बसूनही कोणी आत शिरू शकतो. संगणक बिघडला तर सारी वही जाते, म्हणून दर जुम्याला तिची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवावी. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लिहिलेले सांभाळणे हीही आपलीच जबाबदारी. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे.