नाणे तेच, ठसा वेगळा


सन १९०२ ची दोन ब्रिटिश पेनी नाणी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींवर ब्रिटानिया बसलेली, मागे समुद्र. एकात समुद्राची रेषा तिचे पाय एकमेकांवर येतात तिथे भिडते, दुसऱ्यात त्याच्या खाली. ही दुसरी ‘ओहोटीची’ पेनी कमी सापडते.

ठसा म्हणजे पोलादाचा उलटा कोरलेला साचा. तो झिजला की टांकसाळीत नवा लागतो. एकोणिसाव्या शतकात वर्षाचे आकडे ठशावर पुष्कळदा हाताने ठोकत, म्हणून ते थोडे सरकलेले दिसतात. १८५८ च्या काही पेनींत तर शेवटच्या ८ खालून जुना ७ डोकावतो! १८६० मध्ये तांबे जाऊन कांस्य आले (९५ टक्के तांबे, ४ कथील, १ जस्त). त्या वर्षीच्या काही पेनींची कड मण्यांची, काहींची दात्यांची आहे. १९१२ च्या पेनीत वर्षाच्या डावीकडे बारीक ‘एच’ असेल, तर ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची.

भिंग घ्या, उजेड बाजूने पाडा. वापराने अक्षर पुसट झाले असेल तर ती नुसती झीज, वेगळा ठसा नव्हे; विकणारा काहीही म्हणो. पालकांनाही विनंती, आजोबांच्या डब्यातले जुने नाणे देवघरातल्या तांब्यासारखे चिंचेने घासू नका. ओळखीच्या खुणा त्यातच पुसल्या जातात.