गिअरबॉक्स खोलण्याआधी आणि खोलल्यावर

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधला बिघाड घरी शोधायचा, तर तपासाचा क्रम ठरलेला असावा लागतो. आधी बाहेरचे भाग, मग ऑइल, मग क्लचच्या बाजूचे कव्हर आणि सर्वांत शेवटी क्रँककेस. ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून उभ्या राहिलेल्या बऱ्याच गाड्यांचा दोष पहिल्या तीन पायऱ्यांवरच सापडतो, असा अनुभव आहे. घाईने शेवटची पायरी आधी गाठली, तर चांगले इंजिन विनाकारण खोलले जाते. उलट, खूण दिसूनही गाडी तशीच पळवली, तर एका गिअरचा दोष इंजिनभर पसरतो.

सुरतच्या बमरोली, पांडेसरा, उधना या यंत्रमागांच्या पट्ट्यात राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांकडे शंभर-सव्वाशे सीसीची गाडी रोजच्या कामालाही लागते आणि गावी जायलाही. एरवी ती कापडाचे गठ्ठे घेऊन गर्दीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थांबत-थांबत चालते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा दिवाळीला तीच गाडी दोन माणसे आणि सामान घेऊन सोनगड, नवापूर, कोंडाईबारी घाट करत धुळ्याकडे सुमारे २२० किलोमीटर जाते. पावसाळ्यात सखल वस्त्यांमध्ये खाडीपुराचे पाणी शिरले, की ती त्या पाण्यातही उभी असते. जास्तीचे ओझे, घाटाची चढण आणि ऑइलमध्ये शिरलेले पाणी, या तिन्हींचा मार शेवटी गिअरबॉक्सलाच बसतो.

रचना

आजच्या मोटारसायकलींच्या गिअरबॉक्समध्ये दोन शाफ्ट असतात. एकाला क्लचमार्फत इंजिनची ताकद मिळते, दुसरा चेनचे पुढचे स्प्रॉकेट फिरवतो. दोन्हींवरच्या गिअरच्या प्रत्येक जोडीचे दाते एकमेकांत कायम अडकलेले असतात. गिअर बदलताना दाते दात्यांत शिरतात हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. प्रत्यक्षात काही गिअर शाफ्टवर आडवे सरकतात आणि त्यांच्या अंगावरचे जाड खुंट, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. गिअर सरकवण्याचे काम फोर्क करतात, फोर्कना सिलेक्टर ड्रमवरचे वळणदार खोबण हलवते, आणि ड्रम प्रत्येक गिअरवर थांबावा म्हणून टोकाला ताऱ्याच्या आकाराचे चक्र व स्प्रिंगचा दाब असलेला स्टॉपर असतो. पायाचा लिव्हर हा ड्रम एका वेळी एकच घर फिरवतो.

बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, ओला क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असते. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते. तिथे पेट्रोलमधल्या टू-टी ऑइलचा गिअरबॉक्सशी काही संबंध नसतो, आणि ‘ऑइल तर रोज टाकतो’ या समजुतीत गिअरबॉक्स कोरडा पडतो.

लक्षणे

गिअर पडतच नसेल, तर दोष बहुधा लिव्हर, शिफ्ट शाफ्ट, त्याची परतीची स्प्रिंग किंवा न सुटणारा क्लच यांत असतो. गिअर पडतो पण लिव्हर जागेवर परत येत नाही, ही तुटलेल्या किंवा निसटलेल्या स्प्रिंगची खूण. उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते, ही क्लचची तक्रार आहे. सगळे गिअर पडतात पण गाडी हलत नाही, तेव्हा आधी चेन, पुढचे स्प्रॉकेट आणि क्लच प्लेट पाहाव्यात.

ठरावीक एकच गिअर ओझ्याखाली सुटत असेल, तर मात्र संशय आतल्या भागांवर जातो. डॉगच्या कडा गोल झाल्या, की ताकद लागताच ते खाचेतून बाहेर ढकलले जातात. एकाच गिअरमध्ये ठरावीक अंतराने टक-टक येत असेल, तर तुटलेला दाता संभवतो. सगळ्या गिअरमध्ये सारखी घरघर येणे बेअरिंगकडे बोट दाखवते.

बाहेरची तपासणी

पहिली तपासणी क्लच वायरची. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हालचाल जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, अजिबात नसेल तर प्लेट घसरतात. वायरचे धागे तुटले असतील, तर ती बदलल्याशिवाय पुढची तपासणी निरर्थक ठरते.

नंतर पायाचा लिव्हर. तो ज्या दातेरी शाफ्टवर बसतो, तिथले दाते घासले की लिव्हर हलतो पण शाफ्ट फिरत नाही. गाडी पडून लिव्हर वाकला असेल, तर तो कव्हरला किंवा पायदानाला अडतो आणि गिअर अर्धवट बसतो. अर्धवट बसलेला गिअर सुटतो, आणि दोष मात्र डॉगवर जातो. चेनचे कव्हर काढून पुढच्या स्प्रॉकेटचे लॉक आणि आतले दातेही पाहावेत.

यानंतर इंजिन बंद ठेवून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि मागचे चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकावा. चाक स्थिर असताना गिअर न पडणे हा दोष नव्हे. डॉगचे तोंड डॉगवर आलेले असते, चाक जरा हलताच तो बसतो. चाक फिरवूनही एखादा गिअर बसत नसेल, तर दोष खरा आहे.

ऑइल काय सांगते

इंजिन कोमट असताना ऑइल स्वच्छ भांड्यात काढावे आणि कापडातून गाळावे. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर, नसेल तर ऑइलमध्ये चुंबक फिरवून, काय जमते ते पाहावे. राखाडी, पिठासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण, दात्याचा तुकडा किंवा सर्क्लिपचा, म्हणजे गिअर शाफ्टवर जागी धरणाऱ्या कडीचा, भाग सापडला, तर गाडी त्याच क्षणी बंद ठेवावी. किक मारून ‘एकदा बघू’ असेही करू नये. चुंबकाला न चिकटणारे चमकदार कण बहुधा अॅल्युमिनियमच्या भागांचे असतात, आणि करपट वासाचे काळे ऑइल जळालेल्या क्लचकडे बोट दाखवते.

ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रीदर नळीतून, सायलेन्सरमधून किंवा एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत जाते. अशी गाडी किक मारून सुरू करू नये. प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे, ऑइल काढावे, नवे भरून थोडा वेळ चालवावे, ते पुन्हा काढावे, आणि दुधाळपणा जाईपर्यंत हे करावे. पाणी आठवडाभर आत राहिले, तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे डाग पडतात आणि पुढे घरघर सुरू होते.

बमरोलीतल्या एका शंभर सीसी गाडीचे प्रकरण या पायरीचे महत्त्व दाखवते. कोंडाईबारीच्या चढावर तिचा तिसरा गिअर सुटू लागला. लिव्हर पायाने दाबून धरला की तो टिकत होता, म्हणून गाडी तशीच कामाला जुंपली गेली. पण पायाचा दाब थेट फोर्कवर येतो. फोर्क फिरत्या गिअरवर सतत घासत राहतो, तापतो आणि वाकतो. ऑइल काढले तेव्हा त्यात टोकदार कण होते, आणि क्रँककेस खोलल्यावर फोर्क निळसर पडलेला, ड्रमचे खोबण चेपलेले आणि एका बेअरिंगमध्ये धातूचा तुकडा अडकलेला निघाला. सुरुवातीलाच थांबले असते तर गिअरची एक जोडी आणि फोर्क एवढ्यावर भागले असते. आता ते ‘फुल इंजिन’चे काम झाले.

क्लचकडचे कव्हर

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत क्लच उजवीकडे असतो. ते कव्हर काढले की इंजिन चौकटीतून न उतरवताही क्लच, शिफ्ट शाफ्ट, तारा-चक्र आणि स्टॉपर हाती येतात. तारा-चक्राचा बोल्ट ढिला होणे, स्टॉपरची स्प्रिंग तुटणे, शिफ्ट शाफ्टचा पंजा झिजणे, क्लचच्या बास्केटला प्लेटच्या कानांनी खाचा पडणे, हे सगळे दोष इथेच मिटतात. क्लचच्या मधल्या नटाला खास गोटी पाना लागतो. छिन्नी-हातोड्याने तो नट फिरवल्यास नट आणि शाफ्टचा आटा दोन्ही खराब होतात.

क्रँककेस खोलताना

इथून पुढचे काम घरी करावे की नाही, हे हत्यारांवर ठरते. मॅग्नेटचा पुलर, क्लच नटचा पाना, सर्क्लिप पक्कड, टॉर्क पाना आणि त्या मॉडेलचे दुरुस्ती-पुस्तक यांपैकी काही नसेल, तर इंजिन उतरवून जाणत्या मिस्त्रीकडे नेणे शहाणपणाचे. भाग धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. एका खोलीच्या घरात स्वयंपाकाची शेगडी काही फुटांवरच असते. रॉकेल किंवा डिझेल वापरावे, तेही बाहेर मोकळ्यावर.

प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून ते त्या-त्या जागी खोचून ठेवावेत. क्रँककेसच्या दोन अर्धुकांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून ती उचकटू नयेत. त्या पृष्ठभागावर पडलेल्या ओरखड्यातून ऑइल कायम गळत राहते. रबरी किंवा लाकडी हातोड्याने सर्व बाजूंनी हलके ठोकावे. तरीही सुटत नसेल तर एखादा बोल्ट राहिलेला असतो. दोन्ही शाफ्ट त्यांच्यावरच्या गिअर आणि वॉशरसह एकत्र उचलावेत आणि काढलेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने तारेत ओवावा.

मग तपासणी. डॉगच्या कडा धारदार आणि सरळ हव्यात, गोल नकोत. फोर्कची टोके सारख्या जाडीची, सरळ आणि निळसरपणा नसलेली हवीत. बेअरिंग धुऊन हाताने फिरवावे. खरखर लागली तर ते बदलावे. गिअर नेहमी जोडीने बदलावा, कारण झिजलेल्या दात्याशी लावलेला नवा दाता लवकर खराब होतो. सर्क्लिप, ऑइल सील आणि पॅकिंग जुने पुन्हा वापरू नये. भाग मागवताना गाडीचे वर्ष आणि इंजिन नंबर द्यावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक दात्यांची संख्या बदललेली असू शकते.

सर्क्लिपची एक कड धारदार आणि दुसरी किंचित गोलसर असते. गोलसर बाजू ज्या गिअरचा दाब येतो त्याच्याकडे, धारदार बाजू विरुद्ध दिशेला ठेवावी. उलटा बसवलेला सर्क्लिप ओझ्याखाली निसटतो. क्रँककेस बंद करण्यापूर्वी शाफ्ट हाताने फिरवत ड्रमने सर्व गिअर खाली-वर टाकून पाहावेत. या कसोटीला दहा मिनिटे लागतात आणि ती चुकवल्यास सगळे इंजिन पुन्हा खोलावे लागते. बोल्ट आवळतानाही मधूनमधून शाफ्ट फिरवावा. तो जड झाला तर थांबावे, एखादा वॉशर जागेवर नाही असे समजावे. लहान ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर, फुलीच्या क्रमाने आवळावेत. अॅल्युमिनियमचा आटा जास्त जोराने सहज निघतो.

ऑइल आणि नंतरची काळजी

ओल्या क्लचच्या गाडीत जासो एमए किंवा एमए-२ अशी खूण असलेले, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल भरावे. एमबी खुणेच्या किंवा कारच्या घर्षण कमी करणाऱ्या ऑइलने क्लच घसरू शकतो. दुरुस्तीनंतरचे पहिले ऑइल लवकर बदलावे, म्हणजे आत राहिलेला चुरा निघून जातो. काढलेले ऑइल गटारात किंवा खाडीत ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे.

चालवताना पाय लिव्हरवर टेकवून ठेवू नये, क्लच पूर्ण दाबूनच गिअर बदलावा आणि चढावर इंजिन गुदमरण्याआधी खालचा गिअर घ्यावा. गिअर दुसऱ्यांदा सुटला, तर त्याच आठवड्यात ऑइल काढून पाहावे. क्रँककेसमधले बेअरिंगचे घर सैल झाले, केसला तडा गेला किंवा शाफ्टचे दाते पिळले गेले, तर ते काम घरचे नाही; त्याला मशीन शॉप किंवा नवी केस लागते.