विणकाम सोपे करणारे विज्ञान

परभणी जिल्ह्यातील मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. येथील जिनिंगमध्ये कापसातील रुई आणि सरकी वेगळी होते. रुईचे पुढे सूत होते आणि सुताचे कापड. पण सुतापासून कापड दोन रीतींनी तयार होते, हे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का?

एक सुती सदरा आणि एक सुती बनियन घ्या. सदऱ्याचे कापड आडवे ओढा. ते फारसे ताणले जात नाही. बनियन मात्र सहज ताणले जाते आणि सोडताच बरेचसे पूर्ववत होते. दोन्हींत सूत कापसाचेच. मग हा फरक कोठून आला?

आता भिंगातून पाहा. सदऱ्यात उभे आणि आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून गेलेले दिसतील. बनियनमध्ये धागा वळणे घेत जातो आणि प्रत्येक फास खालच्या फासातून वर आलेला असतो. कापड ओढले की फासाचा आकार बदलतो. धाग्याची लांबी जवळपास तेवढीच राहते. म्हणजे बनियनचा ताण मुख्यतः धाग्याच्या वळणात आहे! असे फास घालणारे यंत्र विल्यम ली याने इंग्लंडमध्ये १५८९ साली बनविले. घरी आजी किंवा आई दोन सुयांवर स्वेटर विणते, तेव्हा तीही हेच फास घालत असते. त्यांनाच आपण टाके म्हणतो.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर विणकामातील पुष्कळ अडचणी सुटतात.

१. आधी नमुना विणा. फास सैल की घट्ट, हे प्रत्येकाच्या हातावर अवलंबून असते. समजा, पुस्तकात १० सेंटिमीटरला २२ टाके दिले आहेत आणि स्वेटरचा घेर ८० सेंटिमीटर हवा आहे. म्हणजे एकूण टाके १७६. पण तुमचा हात सैल असून १० सेंटिमीटरला २०च टाके बसत असतील, तर घेर होईल ८८ सेंटिमीटर! दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर ८ सेंटिमीटर ढगळ झाला आणि महिन्याभराची मेहनत उसवावी लागली. म्हणून आधी एक चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मगच त्यातील टाके मोजा. सैल वाटल्यास बारीक सुई घ्या. आपल्याकडील जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, तर १० नंबरची सव्वातीन.

२. धागा ओळखा. लोकरीच्या तंतूला मुळातच बारीक नागमोडी वळणे असतात, म्हणून ती ताणल्यावर परत येते. कापसाच्या तंतूत ही उसळी फार कमी. त्यामुळे लोकरीसाठी दिलेला नमुना सुती धाग्यात जसाच्या तसा विणला, तर कपडा स्वतःच्या वजनाने लोंबतो. सुती नमुना चिमट्यांनी रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी मापा. विणलेला ओला कपडा मात्र टांगू नका. सपाट पसरून वाळवा.

३. कडा का गुंडाळते? एक सुई सुलट आणि एक सुई उलट विणली, की कापडाच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत. वाकवलेला धागा सरळ होऊ पाहतो आणि कडा वळते. इस्त्री करून ती फार काळ सपाट राहणार नाही. त्याऐवजी दोन्ही कडांचे चार-चार टाके प्रत्येक सुईला सुलट विणा. दोन्ही बाजूंचा ओढा समान झाला की कडा सपाट राहते.

४. टाका गळला तर घाबरू नका. प्रत्येक फास खालच्या फासावर उभा असतो. म्हणून गळलेला टाका शिडीसारखा खाली उसवत जातो. त्याच शिडीच्या एकेका पायरीतून क्रोशाच्या सुईने तो वर आणता येतो. अवघड नक्षी असेल, तर दर दहा ओळींनी सर्व टाक्यांतून दुसऱ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. चूक झाली, तर उसवणे तेथेच थांबते.

५. धागा पुरेल का? गुंडा वजन करा, दहा ओळी विणा, पुन्हा वजन करा. दहा ओळींना ६ ग्रॅम धागा लागला आणि गुंडा ९० ग्रॅम उरला, तर तेवढ्याच रुंदीच्या आणखी १५० ओळी होतील.

कार्यानुभवाच्या तासाला हा प्रयोग करून पाहा. वर्गातील प्रत्येकाने एकाच धाग्याने, एकाच नंबरच्या सुयांवर वीस टाक्यांचा चौकोन विणावा आणि त्याची रुंदी फळ्यावर लिहावी. सर्वांचे आकडे सारखे येतात का? ते का येत नाहीत, हे आता तुम्हीच सांगू शकाल.