आसवारिष्टांसाठी कठीण पाण्याचे संस्करण

आसवारिष्टाचे संधान बिघडले की दोष बहुधा धायटीच्या फुलांना, गुळाला किंवा ऋतूला दिला जातो. पाण्याकडे लक्ष क्वचितच जाते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर मात्र पाण्याचा विचार प्रथम करावयास हवा. उन्हाळ्यात समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते आणि अशा विहिरींवर चालणाऱ्या नळयोजनांतही तोच दोष उतरतो.

काठिण्य दोन प्रकारचे असते. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांमुळे येणारे काठिण्य अस्थायी होय. त्यांच्या सल्फेट व क्लोराइडांमुळे येणारे ते स्थायी. बायकार्बोनेटांची क्षारता संधानात निर्माण होणारे आम्ल शोषून घेते. परिणामी द्रवाची आम्लता वेळेवर वाढत नाही आणि अनिष्ट जिवाणूंना अवसर मिळतो. पाण्यात लोह असल्यास कषायद्रव्यांशी संयोग होऊन काळपटपणा येतो, तो वेगळाच.

अस्थायी काठिण्यावर उकळणे हा उपाय आहे. औषधिद्रव्ये घालण्यापूर्वीच पाणी १५ ते २० मिनिटे खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि तळाचा पांढरा साका न ढवळता वरचे पाणी वस्त्रगाळ करून घ्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही यात निघून जाते. आसवासाठी क्वाथ करीत नाहीत. म्हणून तेथे हे पूर्वसंस्करण अधिकच आवश्यक ठरते.

स्थायी काठिण्य व खारटपणा उकळल्याने जात नाहीत; उलट वाढतात. १६ लिटर पाण्याचा चतुर्थांश क्वाथ ४ लिटर उरतो, क्षार मात्र बहुतांशी तेवढेच राहतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पेयजलात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. या मर्यादेतले पाणीही आटल्यावर सुमारे १००० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचते. पिण्यास योग्य पाणी क्वाथास योग्य असतेच असे नाही, ते याकरिता.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ४५) कतक, म्हणजे निवळी, जलप्रसादनार्थ सांगितली आहे. तिने गढूळपणा बसतो, विरघळलेले काठिण्य नव्हे. मिठावर चालणारी मृदूकरण यंत्रे कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतात. क्षारता तशीच राहते. म्हणून संधानासाठी ती उपयोगाची नाहीत.

बिअर बनविणाऱ्यांनी पाण्याचे हे महत्त्व पूर्वीच ओळखले. इंग्लंडमधील बर्टनचे पाणी जिप्समयुक्त व कठीण, बोहेमियातील पिल्झनचे अत्यंत मृदू. दोन्ही गावी पाण्यास अनुरूप असे निराळे पेय रूढ झाले. ते कारागीर आज पाण्यात आम्ल वा लवण घालून इष्ट गुण साधतात. आपणास ती मोकळीक नाही. पाठात नसलेले द्रव्य घालण्यापेक्षा पाणीच बदलणे श्रेयस्कर.

त्यासाठी कोकणास पर्जन्याचे वरदान आहे. आंतरिक्ष जलास संहितांनी श्रेष्ठ मानले आहे. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर स्वच्छ, झाकलेल्या टाकीत साठविलेले पाणी गाळून व उकळून वापरावे. ते नसल्यास प्रतिपरासरण (आर. ओ.) यंत्राचे पाणी घ्यावे.

औषधशाळाचालकांना आमची विनंती अशी की, वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर व मे महिन्यात, एकूण काठिण्य, क्षारता, क्लोराइड व लोह यांची प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि ते आकडे प्रत्येक घाण्याच्या नोंदीत लिहावेत. पुढे एखादे अरिष्ट आंबट झाले तर कारण अनुमानाने नव्हे, नोंदवहीतून शोधता येईल. रुग्णाच्या हाती जाणारी प्रत्येक बाटली सारख्याच गुणाची असावी, एवढेच यातून साधावयाचे आहे.