आमरी की बांडगूळ? कोयता लावण्यापूर्वी ओळखा



बांधावरच्या आंब्याच्या किंवा बाभळीच्या फांदीवर दुसरीच एखादी हिरवी वनस्पती दिसली की आपण तिला बांडगूळ म्हणतो आणि कोयता लावतो. बांडगुळाच्या बाबतीत हे योग्यच आहे. परंतु झाडावर वाढणारी प्रत्येक वनस्पती बांडगूळ नसते. काही वनस्पती झाडाचा फक्त आधार घेतात, अन्न घेत नाहीत. आमरी ही त्यापैकी एक. ती एकदा तोडली की पुन्हा त्या जागी येण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून या दोन्हींमधील फरक समजून घेणे जरुरीचे आहे.

आपल्या जिल्ह्यातील स्थिती

कर्जत तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पाऊस कमी, हवा कोरडी आणि माळराने उघडी. काळविटांसाठी प्रसिद्ध असलेले रेहेकुरी अभयारण्य याच माळावर आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगांत भरपूर पाऊस पडतो. आमरीच्या बहुतेक जाती अशा दमट डोंगराळ भागात आढळतात. मात्र वंदा कुळातील एक जात, जिला काही ठिकाणी रास्ना असेही म्हणतात, ती देशाच्या सखल व तुलनेने कोरड्या भागातही आंबा, मोह, बाभूळ अशा झाडांवर वाढते. त्यामुळे जुन्या आमराईत, नदीकाठी किंवा देवळाजवळच्या मोठ्या झाडांवर लक्ष ठेवावे.

नावाचा घोटाळा जुनाच

संस्कृतमध्ये ‘वंदा’ हा शब्द झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतीसाठीही वापरला जातो. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स यांनी आपल्या लेखात या आमरीचे वर्णन याच नावाने केले. तो लेख १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात तिचे चित्र दिले. पुढे ‘वंदा’ हेच नाव जगभरच्या शास्त्रज्ञांनी संपूर्ण कुळासाठी स्वीकारले.

याच कुळातील निळी वंदा ही डोंगरातील आमरी १८३७ मध्ये ग्रिफिथ यांना खासी टेकड्यांत आढळली. १८५० मध्ये जोसेफ हूकर तेथे गेले. त्यांनी लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी सात माणसांची ओझी भरतील एवढी रोपे गोळा केली. त्यांपैकी फारच थोडी जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने पाठविलेले एकच ओझे वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांना विकले गेले, असे हूकर यांनी स्वतः नोंदविले आहे. एवढा भाव मिळाल्यावर रानातील रोपे कशी टिकणार? आज निळ्या वंदेला वन्यजीव कायद्याने संरक्षण द्यावे लागले आहे.

फरक कसा ओळखावा?

१) मुळे : बांडगुळाची शोषक मुळे फांदीच्या आत शिरतात. त्या जागी फांदीला गाठ येते व पुढील भाग हळूहळू वाळतो. आमरीची मुळे जाड, पांढरट असून सालीवर पसरतात किंवा हवेत लोंबतात. पाणी पडताच ती हिरवट दिसतात. मूळ अलगद उचलून पाहिल्यास खालची साल शाबूत असते.

२) पाने : बांडगुळाला झुडपासारख्या फांद्या व जाड, रुंद पाने असतात. वंदेची पाने लांब, पन्हळीसारखी, खोडाच्या दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली असून टोक कापल्यासारखे दिसते.

३) फुले : बांडगुळाची फुले लांब नळीसारखी असतात. या वंदेची फुले पिवळसर, त्यावर तपकिरी जाळी आणि मधली पाकळी जांभळट असते.

४) प्रसार : बांडगुळाचे चिकट बी फुलटोच्यासारखे पक्षी फांदीवर टाकतात. आमरीचे बी धुळीइतके बारीक असून वाऱ्याने उडते.

ती जगते कशी?

आमरीच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी ते पटकन टिपून घेते. वंदेची पाने घायपाताप्रमाणे मुख्यतः रात्री हवा आत घेतात, त्यामुळे दिवसा पाण्याची वाफ कमी होते. अन्न ती स्वतः तयार करते. एका बोंडात हजारो बिया असल्या तरी त्यांत अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते. प्रयोगशाळेत बुरशीशिवाय, साखरयुक्त माध्यमात बी रुजविण्याची रीत नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिली. आज विक्रीसाठीची रोपे अशाच प्रकारे तयार होतात. रानातून रोप ओरबाडण्याची त्यामुळे गरज उरलेली नाही.

काय करावे?

• बांडगूळ फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, ते चिकटले असेल त्या जागेच्या थोडे खालून फांदीसह छाटावे. नुसते वरवर तोडल्यास पुन्हा फुटते.

• आमरी असल्यास ती फांदी राखावी. छाटणी किंवा झाडतोड अटळ असल्यास सालीच्या तुकड्यासह आमरी काढावी व पावसाळ्याच्या सुरुवातीस जवळच्या तशाच झाडावर, सावलीच्या बाजूस, काथ्याने सैल बांधावी. मुळे धरेपर्यंत सकाळी पाणी फवारावे. मातीत लावू नये, मुळे कुजतात.

• ‘रास्ना’ म्हणून कोणी मुळ्या मागितल्यास आमरी उपटून देऊ नये. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात रास्ना म्हणून वेगळीच वनस्पती दिलेली आहे.

• अभयारण्यातून किंवा वनातून रोप आणू नये, तो गुन्हा ठरतो. सर्व आमरींच्या परदेशी व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे.

• फुलांच्या व्यापारासाठी आमरी लावण्याचा विचार असेल तर प्रथम खर्चाचा हिशेब करावा. कर्जतच्या कोरड्या हवेत सावलीगृह, सतत ओलावा व चांगले पाणी लागेल. उन्हाळ्यात जेथे पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते, तेथे कर्ज काढून हा व्यवसाय सुरू करणे शहाणपणाचे नाही. प्रथम थोड्या रोपांवर अनुभव घ्यावा व कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

यंदा आमराईची छाटणी करताना प्रत्येक फांदीवरील मुळे एकदा नीट पाहा. साल फोडून आत शिरलेले असेल ते बांडगूळ, ते काढा. सालीवर नुसती पसरलेली पांढरी मुळे दिसली तर कोयता थांबवा. शेजारच्या शेतकऱ्यालाही ही खूण सांगा, म्हणजे त्याच्या झाडावरील आमरीही वाचेल.