बर्डफ्लू आणि सागरपक्षी

फेब्रुवारी २०२२ मध्यें आपल्या मोखाड्याशेजारच्या शहापूर तालुक्यांत, वेहळोली येथें, पाळीव कोंबड्या पटापट मरूं लागल्या. शंभराच्या आसपास मेल्यावर तपासणी झाली, तेव्हां तो एच५एन१ जातीचा बर्डफ्लू ठरला. आसपासच्या हजारों कोंबड्या सरकारी आज्ञेनें माराव्या लागल्या. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चार गांवठी कोंबड्या हीच ज्या घरची अडीअडचणीची शिल्लक, तेथें ही वार्ता किती भयाची वाटावी, हें सांगावयास नको. अशा वेळीं दोष बहुधा दूरदेशींहून येणाऱ्या रानपक्ष्यांवर ठेवितात. तो कितपत न्याय्य आहे, हें पाहूं.

इन्फ्लुएंझाचे कित्येक सौम्य विषाणु रानबदकांच्या आंतड्यांत पूर्वापार राहत आले आहेत. त्यांपासून बदकांस फारशी इजा होत नाहीं. परंतु तेच खुराड्याच्या दाटींत शिरले म्हणजे कधीं कधीं अति घातक रूप धारण करितात. सांप्रतच्या एच५एन१ चा मूळपुरुष १९९६ सालीं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत सांपडला, तो पाळीव हंसांत. तेथून पुढें तो रानांत गेला. रानपक्षी रोगाचे वाहक खरे, पण त्याचे भक्ष्यहि तेच.

सागरपक्ष्यांत अशी साथ पूर्वीं क्वचितच. १९६१ त दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर निदान १३०० सुरय पक्षी मेले, तो अपवादच मानीत. २०२२ मध्यें मात्र स्कॉटलंडच्या बास रॉक या खडकावर अनर्थ ओढवला. गॅनेट या शुभ्र पक्ष्याची ती जगांतील सर्वांत मोठी वसाहत. २०१४ च्या गणतींत तेथें ७५ हजारांहून अधिक जोड्या भरल्या होत्या. शेजाऱ्याची चोंच जेमतेम चुकावी इतक्याच अंतरावर घरटें! विष्ठा व लाळ यांतून रोग पसरावयास मग उशीर तो काय? २०२३ त भरलेलीं घरटीं सुमारें ५२ हजारच आढळलीं. कोंबडी वर्षांत कितीतरी अंडीं घालते. गॅनेटची मादी एकच, आणि तेंहि वयाच्या चौथ्या-पांचव्या वर्षापासून. वांचलेल्या कांहींचीं फिकट निळीं बुबुळें काळीं झालीं होतीं. रोग होऊन गेल्याची ती खूण असल्याचें रक्त तपासतां दिसून आलें.

आपल्या वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवरहि सुरय पक्षी घरटीं करितात. आणि आपल्या ओढ्यांचें पाणी घेऊन वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्रास मिळते, त्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत कुरव उतरतात. म्हणून कोंबड्या एकाएकीं मरूं लागल्या, तर त्या ओढ्यांत टाकूं नयेत, उघड्या हातानें उचलूंहि नयेत. गुरांच्या दवाखान्यांत कळवावें. तेथून नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेंत जातात.